झडती

चारकोपच्या सोसायटीत अमली पदार्थांवर व्याख्यान झालं आणि सगळे आईबाप हबकले. घरी येताच रत्नप्रभाने मुलाची खोली उलटीपालटी करायला घेतली. सुयोगची बॅग झटकली, गादी उचलली, बुटांतसुद्धा हात घालून बघितलं. हात थरथरत होते, कपाळावर घाम डवरला होता. तिचा नवरा जयवंत दारातून बघत होता. आई असावी तर अशी, त्याच्या मनात आलं.

"सुयोग, कुठे लपवलंयस ते सांगून टाक ना. बघ, काय दशा झालीय तिची," तो कळवळून म्हणाला.

सुयोग हाताची घडी घालून उभा होता. शेवटी रत्नप्रभा मटकन खाली बसली.



"उद्यापासून नक्की सोडते रे बाबा, पण आजच्या दिवस माझी मशेरीची डबी दे."