घशाचं ऑपरेशन

हाडांच्या रश्शाचं पातेलं टेबलावरच्या शेगडीवर चढलं आणि ह्यांगरानच्या आईची जीभ सुटली. वाढणाऱ्या मावशीने आंबवलेल्या कोबीची किमची कात्रीने कापता कापता एवढंच विचारलं होतं, की मुळा आणखी आणू का. त्या एका वाक्यातल्या हेलावरून आईने ओळखलं.

"तू बी तिकडचीच काय गं?"

मावशी थबकली. मग कात्री तशीच हातात धरून हसली. "यानजीच्या पल्याडची. आन् तुम्ही, अक्का?"

चीनमधल्या कोरियन वस्तीतल्या गावांची नावं निघाली. मधे एक नदी आणि एक टेकडी, एवढंच अंतर. मावशीचं नाव सुनबोक. आईच्या माहेरची एक भाची तिच्याच गावात दिलेली होती. आई चीनहून कोरियात लेकीकडे आली त्याला आठवडा झाला होता, आणि लेक-जावई सोडले तर या आठवड्यात तिच्याशी कुणी धड बोललं नव्हतं. आता ती थांबायला तयार नव्हती.

"हितली माणसं बोलत्यात का नाकात गाणं म्हणत्यात, मला तर काय उमगंना बघ."

सुनबोक तोंडाला ॲप्रनचं टोक लावून हसली. गावाकडच्या झणझणीत पाल्याची किमची तिने स्वतःसाठी घरून आणली होती. ती गिऱ्हाइकांची नव्हे, पण आणते म्हणाली.

ह्यांगरान दाराकडे तोंड करून बसली होती. जेवणाची वेळ टळून गेली होती, दुकान जवळजवळ रिकामं होतं. तरी ती आईला हळू बोल म्हणून खुणावत होती. लग्न होऊन सोलजवळच्या या वसाहतीत आल्यापासून तिने आपल्या बोलण्यातला तो हेल घासून घासून काढला होता. मुलाच्या, दानुच्या, शाळेतल्या बाकीच्या आयांना ती कोरियातल्याच कांगवॉनच्या डोंगराकडची वाटायची. तिनेच तसं सांगितलं होतं. चीनमधून आलेल्या कोरियन बायकांविषयी त्या आया काय बोलतात, ते तिने त्यांच्यातच बसून ऐकलं होतं.

सुनबोक आत गेली, तेवढ्यात दार सरकलं. दानुच्या वर्गातल्या सेओनची आई होती.

"दानुची आई, तुम्ही पण इथेच?" तिला पार्सल न्यायचं होतं आणि ते तयार व्हायला वेळ होता. ती सरळ त्यांच्याच टेबलाशी येऊन बसली. "या तुमच्या आई वाटतं?"

आईने तोंड उघडलं.

"आईचं घशाचं ऑपरेशन झालंय," ह्यांगरान म्हणाली. "डॉक्टरांनी बोलायला मनाई केलीय."

कुठून सुचलं ते तिचं तिलाच कळलं नाही. आईने तिच्याकडे पाहिलं. उघडलेलं तोंड मिटलं, आणि सेओनच्या आईकडे वळून तिने नुसतीच मान लववली.

सेओनची आई मनाने वाईट नव्हती. तिला खरंच वाईट वाटलं. हाडावरचं मऊ मांस सोडवून तिने आईच्या वाटीत घातलं. मध घालून वाफवलेली नाशपाती रोज द्या, माझ्या सासूला गुण आला, असं सांगितलं. आई दर वेळी मान हलवून हसत होती. मग सेओनच्या आईने आवाज खाली आणला.

"इथली नवी मावशी तिकडची आहे ना? बोलण्यावरून लगेच कळतं. माझ्या जावेने तसलीच एक मूल सांभाळायला ठेवली होती. मी तर असल्यांना उंबऱ्याच्या आत घेणार नाही."

"बरोबर आहे," ह्यांगरान म्हणाली.

सुनबोक पाल्याच्या किमचीची वाटी घेऊन मागेच उभी होती. तिने किती ऐकलं कोण जाणे. ती आईकडे वळून काही म्हणणार, तर सेओनच्या आईनेच तिला थांबवलं. म्हणाली, त्यांना बोलायला लावू नका मावशी, घशाचं ऑपरेशन झालंय त्यांचं.

सुनबोकने आईकडे पाहिलं, मग ह्यांगरानकडे. ह्यांगरान पातेल्यातला रस्सा ढवळायला लागली. सुनबोकने वाटी टेबलावर ठेवली आणि ती आत निघून गेली.

पार्सल आलं. आईचा हात हातात घेऊन, लवकर बऱ्या व्हा असं म्हणून सेओनची आई गेली.

"गेली ती," ह्यांगरान म्हणाली. "बोल आता, आई."

आईने सुनबोकची वाटी पुढे ओढली. ती किमची भाताबरोबर खात होती, सावकाश, पान न् पान वेचून. ह्यांगरानने तिच्या पेल्यात पाणी ओतलं. म्हणाली, दानुला शाळेत काय ऐकून घ्यावं लागलं असतं, तूच सांग. आईने मान हलवली, जशी ती सेओनच्या आईसमोर हलवत होती तशीच. ती रागावली असती तर ह्यांगरानला बरं वाटलं असतं. पण राग कुठे दिसत नव्हता. परक्या घरी हातून काही सांडू नये म्हणून माणूस अंग चोरून बसतं, तशी आई बसली होती.

पैसे देऊन ह्यांगरान वळली, तेव्हा सुनबोक टेबल आवरायला आली होती. दुकानात आता दुसरं कुणी नव्हतं. आईने रिकामी वाटी दोन्ही हातांनी तिच्या हातात दिली. मग गळ्यावर बोट ठेवलं, बोलता येत नाही अशी मान हलवली आणि हसली.

सुनबोकने वाटी ट्रेमध्ये ठेवली.

"काळजी घ्या, आजी," ती म्हणाली. "थंड पाणी पिऊ नका."

हे ती अगदी सोलच्या बोलीत म्हणाली. एकेक शब्द स्वच्छ. हेल कुठेही नव्हता.