पहिलं विमान

बोटीवर रीत अशी की शेवटच्या संध्याकाळी बॅगा केबिनच्या दाराबाहेर ठेवायच्या, त्या किनाऱ्यावर सावकाश मिळतात. ज्याला घाई, त्याने आपली बॅग स्वतः उचलून सकाळी सर्वांआधी उतरायचं. तिला घाई होती. आजारी आईनेच हट्टाने तिला सहलीला धाडलं होतं, आणि आता धाकट्या भावाने फोनवर पिच्छा पुरवला होता, "ताई, मिळेल ते पहिलं विमान पकड!" नवरा कुरकुरला, "बोट उशिरा लागली तर? दुपारचं घेऊ." ती ऐकेना. बूट चढवून बॅगेवरच ठाण मांडून बसली. तेवढ्यात भावाचा फोन. "ताई, दुपारचंच घे. जेवून निघ. धावपळ नको." नवऱ्याचा चेहरा खुलला. "बघ, आईंना उतार पडलेला दिसतोय!" जन्मात कधी दम न धरणारा भाऊ आज हळुवार बोलला होता, आणि आईचं नावही त्याने काढलं नव्हतं. तिने बूट काढले आणि बॅग दाराबाहेर नेऊन ठेवली.