घासूनपुसून

"तुमच्या त्या खटाऱ्यानं आणखी एक थेंब अंगणात गाळला, तर मी सरळ भंगारवाल्याला बोलावणार," असं बायकोनं निर्वाणीचं सांगितलं, तेव्हा ड्रायव्हर नवं सील हाताशी ठेवून मुकाट्यानं आपल्या म्हाताऱ्या ट्रकखाली शिरला. गिअरबॉक्सचं गळकं सील उपसून काढताना सडक्या अंड्यासारखा वास मारणारं काळं ऑइल त्याच्या कानात, मिशीत आणि शेवटी तोंडात गेलं. थुंकत, ओकाऱ्या काढत, स्वतःच्याच अंगाची किळस येऊन तो न्हाणीघराकडे पळाला.

परत येऊन बघतो तर काय! ज्या बाईला त्या ऑइलच्या नुसत्या नावानं मळमळायचं, तिनं नाकाला रुमाल बांधून सगळे नट, बोल्ट, वॉशर साबणानं घासले होते आणि धुतलेल्या फडक्यावर ओळीनं मांडले होते. त्याला अगदी भरून आलं. मधोमध ठेवलेलं चकचकीत सील उचलून त्यानं जागेवर ठोकून बसवलं, ताजं ऑइल भरलं आणि ट्रक एक चक्कर फिरवून अंगणात आणून लावला.

"आता बघ, टिपूसही पडायचा नाही."

टप्प.

दोघांनीही वाकून ट्रकखालचा तो ताज्या ऑइलचा थेंब पाहिला.

"अगं, पण नवंकोरं सील गळेलच कसं? ग्रीस लावून तयार ठेवलं होतं मी!"

 

"ते बरबटलेलं होय? शी! ते मी केव्हाच कचऱ्यात फेकलं. दुसरं जरा बरं दिसलं, म्हणून तेवढं घासून ठेवलं."