विटांचं पीठ

"वहिनी, दरजांत खाडीची वाळू घालू दिलीत, तर विटांचं पीठ होईल," इस्माईल मेस्त्रींनी बजावलं होतं. विटांमधल्या झिजलेल्या फटी भरण्याआधी ते चिमूटभर वाळू जिभेवर ठेवून बघत. मी केमिस्ट्री शिकलेली. मला वाटलं, काम मिळवायचं नाटक. मी दुसऱ्याला बोलावलं. त्याने दोन दिवसांत उरकलं.

गेल्या महिन्यापासून बाळाच्या दुपट्यावर रोज लाल भुकटी दिसते. आधी माझा संशय सासूबाईंवर.

"चोरून दृष्ट काढता ना? कुंकू सांडतं."

"दृष्ट मीठ-मोहरीने काढतात गं, शहाणे!"

मीठ म्हणताच मी उठले. समुद्राकडच्या भिंतीवरची भुकटी जिभेवर ठेवली. खारट! बोटाने दरज खरवडली, तर अख्खी वीटच हातात आली.

पाळणा मधल्या खोलीत हलवला आणि आठवलं, त्या दुसऱ्या मेस्त्रीला खाडीपलीकडच्या सिंधूकाकूंकडे भिंतीच्या दरजा भरायला मीच पाठवलं होतं. काकू एकट्या, खाट त्याच भिंतीला टेकलेली. सकाळपासून फोन उचलत नाहीत, होडी दुपारी सुटते.

तुम्ही पलीकडे राहत असाल तर आत्ता जा. काकूंना त्या खाटेवरून उठवा.