गुहेतला आवाज

लाव्हाचे काळे खडक दाखवून झाल्यावर गाईड हर्षा बल्लारपूरहून आलेल्या तीन जोडप्यांना घेऊन गुहेत शिरली. आत खोलवर गेल्यावर तिनं नेहमीसारख्या सगळ्यांच्या बॅटऱ्या बंद करायला लावल्या. "खरा अंधार कसा असते ते पाहा. घडीभर कोणी बोलू नका."

तेवढ्यात कोणीतरी तिचा हात घट्ट धरला. कानाशी एका बाईचा दबका आवाज आला, "ताई, मले घरी वापस नका जाऊ देऊ. एक दिवस जीव घेईल हा माझा."

हात सुटला. बॅटऱ्या लागल्या. तिन्ही बायका आपापल्या नवऱ्याजवळ उभ्या होत्या, हसत होत्या. यातली कोण, हे हर्षाला कळेना.

"भाऊ, पुढची वाट अरुंद हाय," ती पुरुषांना म्हणाली. "तुम्ही इथीच थांबा. पहिले बायकांना दाखवून आणते."

वळणाआड गेल्यावर तिनं हळूच विचारलं, "मघाशी माझ्या कानात कोण बोललं? भिऊ नका. बाहेर निघालो की मी पोलिसांना फोन लावते."

तिघींतल्या दोघी एकदमच म्हणाल्या, "मी."