ताशा आणि घोडी

"वाजव शार्दूल, जेवण तरी मिळेल!" दोघे मित्र ओरडले. काश्मीरला निघालेल्या तिघांचे खिसे रिकामे होते आणि जीपची टाकी राजस्थानातच कोरडी पडली होती. समोरून वरात येताना दिसताच शार्दूलने ताशा गळ्यात अडकवला आणि पुण्याच्या गणपती मिरवणुकीत वाजवतो तसा कडाडून वाजवला.

वऱ्हाड बेभान नाचू लागलं. घोडी मात्र बिथरली आणि नवरदेवाला वाळूत टाकून पसार झाली.

नवरदेवाचा मामा तावातावाने धावून आला. "आता हा जाणार कशावर?"

"जीप आहे," शार्दूल चाचरला, "फक्त डिझेल नाही."

मामाने ट्रॅक्टरमधलं डिझेल काढून टाकी भरली. फेटा सावरत नवरदेव पुढे बसला. "तुम्ही निघालात कुठे?"

"काश्मीर!"

त्याचे डोळे लकाकले. "लग्न लागेपर्यंत थांबाल? तिलाही बर्फ बघायचाय!"