पायलट हलत नाही

पायलटनं दाराबाहेर पाय टाकला, पायपुसण्यावर बसकण मारली आणि जिन्याकडे पाठ फिरवली. काकू दोन पायऱ्या उतरून पट्टा ओढत होत्या. त्यानं पुढचे पाय असे रोवले की बघणाऱ्याला वाटावं, खिळे ठोकलेत.

"बघा," काकू ट्रेनरला म्हणाल्या. "महिना झाला, इथून पुढे गाडं जात नाही. सगळं बाल्कनीत उरकतो. डॉक्टर म्हणतात, पाय ठणठणीत आहेत. मग डोक्यातच काहीतरी शिरलं असणार."

ट्रेनर त्यांच्या मुलीच्या वयाची होती. बिघडलेल्या कुत्र्यांना वळणावर आणणं हा तिचा पोटापाण्याचा उद्योग. तिला काकूंच्या मुलानं पाठवलं होतं. गेल्या आठवड्यात त्यानं पायलटला फरफटत न्यायचा प्रयत्न केला, तेव्हा पायलटनं त्याच्या मनगटाला दात लावले होते. रविवारपर्यंत सुधारला नाही तर ऑफिसातल्या एकाच्या फार्महाउसवर त्याची रवानगी, असं मुलानं फोनवर सांगून टाकलं. काकू बरं म्हणाल्या खऱ्या, पण तेव्हापासून त्यांना घास गोड लागत नव्हता.

ट्रेनर पायरीवर बसली. बराच वेळ तिनं नुसतं बघितलं.

"हा हट्टी नाही, काकू. घाबरलेलाही नाही. कान बघा त्याचे. वाट बघतोय."

"यांची," काकू म्हणाल्या. "यांना जाऊन महिनाच झाला ना. मुक्या जिवाला कोण समजावणार?"

"काकांची वाट बघत असता तर जिन्याकडे तोंड करून बसला असता. हा दाराकडे बघतोय. याला कसली तरी खूण हवी आहे. काका निघताना काय म्हणायचे?"

"मला काय ठाऊक? मी कधी बरोबर गेलेच नाही."

हे अगदी खरं होतं. काका रोज विचारायचे, येतेस का. काकू रोज म्हणायच्या, उद्या. कधी गॅसवर दूध असायचं, कधी बादलीत कपडे. अकरा वर्षांत काकांनी विचारायचं सोडलं नाही आणि काकूंचा उद्या काही उजाडला नाही.

"गेला नसाल, पण ऐकू तर येत असेल?"

काकूंनी डोळे मिटले. चपला सरकवल्याचा आवाज. पट्ट्याची कडी. दार लागायचं. आणि मग बाहेरून, बंद दारावर, किल्लीचे दोन ठोके. टक, टक.

"पण ते मला असायचं," काकू घाईनं म्हणाल्या आणि या वयातही जराशा लाजल्या. "म्हणजे, निघालो, असं. मी ओट्यापाशी असायची. तिथूनच ओरडून 'हो' म्हणायची."

"काका नोकरी कुठे करायचे?"

"बसवर. कंडक्टर होते, बत्तीस..."

काकू बोलता बोलता थांबल्या. बत्तीस वर्षं काकांनी एकच केलं होतं. सगळ्यांना आत घ्यायचं, आपण शेवटी चढायचं, दार लावायचं आणि मागून दोनदा घंटी द्यायची, की गाडी सुटली. पुढे बसलेल्या ड्रायव्हरला डेपोत सगळे लाडानं पायलट म्हणायचे. कुत्र्याचं नाव ठेवताना काकांनी घरात कोणाला विचारलंसुद्धा नव्हतं.

आणि महिनाभर घरातला जो तो पुढे होऊन त्याला ओढत होता, तेही दार सताड उघडं टाकून.

"अशी कशी सुटेल गाडी," काकू म्हणाल्या. त्यांना हसू आलं आणि त्याच्यामागोमाग डोळे भरले. "म्हणजे ते मला नव्हतंच हो. ती डबल बेल होती. अकरा वर्षं मी आपली उगाच मधे हो म्हणत राहिले."

त्यांना वाईट वाटलं. रोजचा तो निरोप एवढा एक आपला म्हणून त्यांनी जपून ठेवला होता, आणि तोही कुत्र्याचा निघाला.

ट्रेनर उठून भिंतीला टेकली आणि वाट मोकळी केली. काकू वर आल्या, पायलटच्या मागे उभ्या राहिल्या, दार ओढून घेतलं. किल्ली दारावर आपटली. टक, टक.

पायलट ताडकन उठला. जिन्याकडे वळला, शेपटी वर झाली, एक पाय पायरीवर गेला. आणि तिथेच थबकला. मान वळवून तो बंद दाराकडे बघत राहिला.

काकूंनी पुन्हा ठोकलं. तो तसाच.

"अजून काहीतरी राहिलंय," ट्रेनर हळू आवाजात म्हणाली. "ठोक्यांनंतर काय व्हायचं?"

"काही नाही. नंतर काहीसुद्धा..."

काकूंची नजर दारावर खिळली. आत ओट्यापाशी आता कोणी नव्हतं.

"हो," त्या म्हणाल्या. पुटपुटल्यासारखं. पायलट हलला नाही. त्यांनी खाकरून घेतलं आणि स्वयंपाकघरातून जिन्यापर्यंत पोचेल अशा, रोजच्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "हो."

पायलट निघाला. पट्ट्याला असा हिसका बसला की काकूंना कठडा धरावा लागला. एका हातात पट्टा, दुसऱ्या हातात पदर, अशा त्या खाली उतरत गेल्या.

वर ट्रेनरचा फोन वाजला. तिनं कठड्यावरून वाकून विचारलं, "काकू, तुमच्या मुलाचा आहे. काय सांगू?"

खालच्या मजल्यावरून धापा टाकत उत्तर आलं.

"सांगा त्याला, आई ड्यूटीवर गेली."